दया आणि दक्षता : जखमी कुत्रा व शाळेतील मूल

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



मराठी भाषेने कुत्र्याला मोठ्या विलक्षण रीतीने वागविले आहे. एखाद्याच्या अखेरीची दुर्दशा सांगावयाची झाली, की 'कुत्र्याच्या मौतीने मेला' असे म्हणावयाचे. नको असलेली ब्याद टाळावयाची झाली, की 'भीक नको, पण कुत्रा आवर' असे म्हणावयाचे. आणि त्याच घराच्या भिंतीवरील तसबिरीत दत्तगुरूंच्या पायांशी बसलेल्या श्वानांपुढे हात जोडावयाचे, खंडेरायाच्या सोबतच्या कुत्र्यालाही भंडारा वाहावयाचा. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवमहाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा पहिली-दुसरीतील मुलालाही ठाऊक असते. मागोमाग आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्यास युधिष्ठिराने नकार दिला, हीही ठाऊक असते. परंतु कथा संपून सुट्टीची घंटा झाली आणि शाळेच्या फाटकाशी एखादा लंगडा कुत्रा आला, म्हणजे त्याच्यावर पहिला दगड पडतो तो पुष्कळदा ही कथा ऐकणाऱ्याच एखाद्या मुलाच्या हातचा असतो.

वर्गात याच्या उलट प्रकृतीचे एखादे मूलही असते. दगड मारणारे मूल शिक्षकाच्या चटकन नजरेस येते. हे दुसरे मूल येत नाही. ते डब्यातील अर्धी भाकरी कोणाला न कळत राखून ठेवते, कुंपणाच्या कडेला विव्हळणाऱ्या जनावराजवळ जाऊन बसते आणि संधी मिळताच त्याला उचलू पाहते. पहिल्या मुलाला वळण लावणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहेच. परंतु खरी काळजी वाहावयास हवी ती या दुसऱ्या मुलाची. कारण हातून सत्कृत्य घडत असतानाच त्याचा जीव धोक्यात येण्याचा संभव असतो. या मुलाची दया मावळू न देता त्याचे रक्षण कसे करावे, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

एका द्विशिक्षकी शाळेत घडलेली गोष्ट या दृष्टीने उद्बोधक आहे. शाळा डांबरी सडकेच्या कडेला. पावसाळ्यातील एका सकाळी, शाळा भरण्याच्या सुमारास, मालमोटारीचा धक्का लागून एक तांबडा कुत्रा सडकेलगतच्या चारीत फेकला गेला. त्याचा मागचा पाय मोडला होता. मुले कडेला उभी राहून पाहत होती. चौथीतील एक मुलगी तेवढी चारीत उतरली आणि त्याला वर काढू लागली. वेदनेने बेभान झालेल्या जनावराने तिच्या मनगटाला दात लावले. जखम मोठी नव्हती. दोन ठिकाणी रक्ताचे थेंब आले, इतकेच. मुलीने आपल्या एका वेणीची तांबडी रिबीन सोडली, मनगटाला गुंडाळली आणि ती मुकाट्याने वर्गात येऊन बसली.

मधल्या सुट्टीत खिचडीपूर्वी मुले हात धुण्यासाठी रांगेत उभी राहिली, तेव्हा गुरुजींच्या ध्यानात आले, की या मुलीची एक वेणी सुटलेली आहे आणि उजवा हात पाठीमागे आहे. त्यांनी जवळ बोलावून हळूच विचारले. प्रथम ती बोलेना. मग म्हणाली, "गुरुजी, तो कुत्रा मुद्दाम नाही चावला. त्याचा पाय मोडलाय." आणि थोड्या वेळाने, "घरी सांगू नका. पोटात चौदा सुया देतात."

ती गप्प का राहिली, याची दोन कारणे होती. चौदा सुयांची भीती आजीच्या तोंडून आलेली होती. दुसरे कारण शाळेतच होते. मागील आठवड्यात खुद्द गुरुजींनीच वर्गाला बजावले होते, की जो कोणी भटक्या कुत्र्याजवळ जाईल त्याला प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर उभे करण्यात येईल. हे वाक्य मुलांच्या भल्यासाठीच उच्चारलेले होते. तथापि त्या वाक्याने मुलगी कुत्र्यापासून दूर राहिली नाही. केवळ चावल्याची गोष्ट सांगण्यापासून दूर राहिली. गुरुजींच्या मनाला ही गोष्ट फार लागली.

मुलाने लपविलेला दंश ही केवढी भयंकर गोष्ट आहे, हे समजण्यासाठी रोगाचे स्वरूप नीट जाणून घ्यावयास हवे. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत या रोगाचे विषाणू असतात. चावल्याने, ओरबाडल्याने किंवा उघड्या जखमेवर चाटल्याने ते शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंच्या मार्गाने हळूहळू मेंदूकडे सरकतात. या प्रवासास सामान्यतः दोन ते तीन महिने लागतात. क्वचित आठवडाभरात, तर क्वचित वर्षभरानेही लक्षणे दिसतात. मधल्या काळात मूल हसते, खेळते, जखम भरून येते आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. एकदा लक्षणे दिसू लागली, म्हणजे बहुधा कोणताही उपाय चालत नाही. याउलट, विषाणू मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वी योग्य उपचार मिळाले, तर हा रोग टाळता येतो. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून हेच सिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे, पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांपैकी शेकडा ४० जण १५ वर्षांखालील मुले असतात. म्हणजे हा विषय जितका दवाखान्याचा आहे, तितकाच शाळेचाही आहे.

त्या दिवशी गुरुजींनी जे केले, ते प्रत्येक शाळेने पाठ करून ठेवण्याजोगे आहे. त्यांनी मुलीला रागाचा एक शब्दही बोलून दाखविला नाही. तिचे मनगट वाहत्या नळाखाली धरले आणि घड्याळाचा मोठा काटा तीनवरून सहावर येईपर्यंत, म्हणजे पूर्ण पंधरा मिनिटे, साबण लावून जखम धुतली. नंतर प्रथमोपचाराच्या पेटीतील जंतुनाशक लावले. जखम बांधली नाही. हळद, तिखट, चुना, तेल किंवा तंबाखू यांपैकी काहीही जखमेवर घालू दिले नाही. अशा वस्तूंनी विषाणू मरत नाहीत; जखम मात्र अधिक चिघळते आणि 'उपाय झाला' असे खोटे समाधान मिळून दवाखान्याची वाट चुकते. मांत्रिकाचा दोरा आणि गावठी औषध यांचेही असेच आहे.

त्यानंतर एका शिक्षकाने पालकांना बोलावून घेतले आणि त्यांच्यासह मुलीला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. तेथे दंडात लस टोचण्यात आली. जखमेतून रक्त आलेले असल्याने जखमेच्या आतबाहेर द्यावयाच्या विशेष औषधासाठी त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात पाठविण्यात आले. पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लस घ्यावयाची होती. पोटात चौदा सुया देण्याची जुनी पद्धत आपल्या देशात या शतकाच्या आरंभीच बंद झाली, ही गोष्ट डॉक्टरांनी आजीला समजावून सांगितली, तेव्हा तिचे भय ओसरले. मात्र ते भय अजून कित्येक घरांत टिकून आहे. पालकसभेत शिक्षकाने ही एकच गोष्ट स्पष्टपणे सांगितली, तरी एखाद्या मुलाचा प्राण वाचू शकेल.

येथे एक खबरदारी घ्यावी. कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवून तो धडधाकट राहतो की काय, हे पाहण्याची पद्धत योग्य आहे. परंतु त्यासाठी माणसाचे उपचार थांबवून ठेवावयाचे नाहीत. उपचार त्याच दिवशी सुरू व्हावयास हवेत. पुढे कुत्रा निरोगी राहिला, तर लसीच्या पुढील मात्रांविषयी काय करावयाचे, ते डॉक्टर ठरवितात, शेजारीपाजारी नव्हे.

आता त्या कुत्र्याकडे वळू. मुलीला दवाखान्यात नेले आणि कुत्रा चारीतच मरू दिला, असे झाले असते तर मुलीने त्यातून काय बोध घेतला असता? दया केली म्हणून सुया मिळाल्या आणि ज्याच्यासाठी केली तो मेलाच, एवढाच. त्या शाळेने असे होऊ दिले नाही. मागे राहिलेल्या शिक्षिकेने चारही वर्गांना व्हरांड्यात बसविले, एका मुलाकरवी जवळच्या शेतातील शेतकऱ्याला बोलावणे धाडले आणि १९६२ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी केला. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी हा क्रमांक आहे. गावाजवळ जिल्हा परिषदेचा पशुवैद्यकीय दवाखाना असेल, तर तेथील पशुधन विकास अधिकाऱ्यांकडेही निरोप पाठविता येतो. गाई-म्हशींसाठीच हे दवाखाने आहेत, असा गैरसमज बराच आढळतो. कुत्र्यावरही तेथे उपचार होतात.

पशुवैद्य येईपर्यंत जखमी कुत्र्याला कसे हाताळावे, याची माहिती शिक्षकाला अवश्य असावी. मात्र हाताळण्याचे काम प्रौढ माणसानेच करावे, मुलांनी नव्हे. जखमी जनावर उपकार ओळखत नाही. त्याला केवळ वेदना कळते. नित्य शेपूट हलविणारा कुत्राही अशा वेळी चावतो. त्याच्याजवळ समोरून धावत न जाता, बाजूने, सावकाश व मऊ आवाजात बोलत जावे. रुंद पट्टीचा सैल फास त्याच्या तोंडावर टाकून हनुवटीखाली वेढा द्यावा आणि कानांच्या मागे गाठ मारावी. म्हणजे चावण्याचे भय राहत नाही. मात्र कुत्रा वांती करीत असेल, त्याला धाप लागली असेल किंवा तोंडालाच इजा झाली असेल, तर तोंड कदापि बांधू नये. मोडलेला पाय ओढू नये व सरळ करू नये. गोणपाट किंवा फळी अंगाखाली सरकवून त्यावरून त्याला सावलीत न्यावे. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाची घडी त्या जागी दाबून धरावी. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी घालू नये. घरातील अंगदुखीच्या वा तापाच्या गोळ्या देऊ नयेत; माणसाला मानवणाऱ्या कित्येक गोळ्या कुत्र्याला विषासमान ठरतात. जखमेत किडे पडले असतील, तर त्यावर रॉकेल वा फिनेल ओतण्याचा प्रघात खेडोपाडी आहे. त्याने किड्यांबरोबर जिवंत मांसही भाजून निघते. लूत लागलेल्या कुत्र्याच्या अंगावर जळके तेल चोपडण्याचेही तसेच. लूत औषधाने बरी होते. परंतु ती माणसाच्या अंगालाही खाज आणू शकते, म्हणून अशा कुत्र्याला मुलांनी हात लावू नये. ही सर्व कामे झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

एक धोका विशेषेकरून सांगितला पाहिजे. पिसाळलेला कुत्रा म्हणजे धावत येऊन चावणारा कुत्रा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रोगाचा दुसरा प्रकारही असतो. त्यात कुत्रा सुस्त होतो, अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहतो, आवाज घोगरा होतो, जबडा लोंबतो, लाळ गळते आणि घास गिळता येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, याच्या घशात हाड अडकले आहे. मग एखादा दयाळू माणूस हाड काढण्यासाठी तोंडात हात घालतो. असा लोंबता जबडा आणि गळती लाळ दिसली, की मुलांना ताबडतोब दूर न्यावे, हात लावू नये व पशुवैद्याला कळवावे. कुत्रा पाण्याला भितो की नाही, यावरून परीक्षा करू पाहणे फसवे आहे.

दुपारी पशुवैद्यकीय पथक त्या शाळेच्या गावी पोहोचले. पाय जुळवून बांधण्यात आला, जखमा धुऊन औषध देण्यात आले. आता या कुत्र्याला ठेवावयाचे कोठे, असा प्रश्न उपस्थित झाला. मुलांनी एकमुखाने सांगितले, "शाळेत!" गुरुजींनी त्यास नकार दिला आणि कारणही सांगितले.

हे कारण शिक्षकांनीही नीट ध्यानात घ्यावयास हवे. शाळेचे आवार लहान मुलांचे आहे. तेथे मोकाट कुत्र्यांना थारा देणे हे मुलांच्या दृष्टीने धोक्याचे आणि कुत्र्यांच्या दृष्टीनेही अहिताचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके इत्यादी ठिकाणच्या आवारांतून भटकी कुत्री हलवावीत, निर्बीजीकरण व लसीकरण करून ती निवाऱ्यात ठेवावीत आणि पुन्हा त्याच आवारात सोडू नयेत, असे निर्देश दिले. हे काम स्थानिक स्वराज्य संस्थेचे आहे. दगड, काठी किंवा विष यांचा आधार घेण्याची मुभा त्याने कोणालाही मिळत नाही. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमानुसार जनावराला निष्ठुरपणे मारहाण करणे हा अपराध आहे. हा कायदा व्हावा म्हणून राज्यसभेत प्रथम आवाज उठविणाऱ्या श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल याच पुढे १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. कुत्र्यांवर घाला घालून प्रश्न सुटत नाही, हा अनुभवही जुनाच आहे. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाज प्रक्षुब्ध होऊन शहरात दंगल उसळली. त्यानंतरही कुत्री मारण्यात आली; परंतु ती कमी झाली नाहीत. म्हणूनच २००१ च्या आणि त्यानंतर २०२३ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण हा मार्ग घालून दिला.

शाळेपुरता उपाय तर शिक्षकाच्या हातातच आहे. कुत्री शाळेत येतात ती बहुतेक वेळा खिचडीच्या उष्ट्यासाठी. उष्टे झाकणाच्या पिंपात गोळा केले, ताटे धुण्याची जागा त्याच दिवशी स्वच्छ केली, पडलेले कुंपण ग्रामपंचायतीकडून दुरुस्त करून घेतले, म्हणजे कोणावरही दगड न उचलता आवार मोकळे राहते. एखाद्या कुत्रीने शाळेच्या आडोशाला पिले घातली असतील, तर मुलांना त्या बाजूस जाऊ देऊ नये; पिलांची आई अतिशय सावध असते. पिले आईवेगळी होण्याजोगी मोठी झाली, की गावात त्यांना घरे शोधावीत आणि घर देणाऱ्यास सांगावे, की तीन महिन्यांचे पिलू झाले म्हणजे पिसाळण्याविरुद्धची लस टोचून घ्यावी व पुढे ती दरवर्षी द्यावी. कुत्रा पाळणे म्हणजे केवळ त्याला भाकर घालणे नव्हे. लस व निर्बीजीकरण यांचाही त्यात समावेश होतो.

त्या तांबड्या कुत्र्याला शेतकऱ्याने आपल्या गोठ्यात, मुलांपासून दूर, बांधून ठेवले. दहा दिवस तो खात-पीत, भुंकत राहिला. नंतर पशुवैद्यांनी त्यालाही लस टोचली. पाय जुळला, पण थोडा आखूड राहिला. आता तो त्याच शेतकऱ्याच्या खळ्यावर राखणीला असतो.

वर्गातील दिनदर्शिकेवर गुरुजींनी मुलीच्या लसीच्या तारखांभोवती वर्तुळे काढून ठेवली होती. प्रत्येक मात्रा झाली, की ती मुलगी स्वतः त्या वर्तुळात खूण करी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटची खूण झाली. त्या महिन्यात भाषेच्या तासाला मुलांनी 'मुक्या जनावराची वेदना' या विषयावर निबंध लिहिले. परिसर अभ्यासाच्या तासाला जखम धुण्याचे प्रात्यक्षिक झाले. गणिताच्या तासाला शेवटच्या लसीची तारीख मोजण्याचे उदाहरण सोडविण्यात आले. यासाठी वेगळा तास लागला नाही. आणि प्रार्थनेच्या वेळी गुरुजींनी आपले जुने वाक्य सर्वांसमक्ष मागे घेतले. त्याऐवजी तीन वाक्ये भिंतीवर लिहिली : जखमी जनावर दिसले, तर हात लावू नका, मोठ्या माणसाला बोलवा. कोणतेही जनावर चावले, ओरबाडले किंवा जखमेवर चाटले, तर तत्काळ सांगा. सांगणाऱ्याला या शाळेत कधीही शिक्षा होणार नाही.

तीनही वाक्ये महत्त्वाची आहेत. परंतु तिसरे नसेल, तर पहिल्या दोहोंचा उपयोग होत नाही. दया ही मुलाजवळ निसर्गतः असते. तिला ज्ञानाची जोड देणे हे शाळेचे काम. आणि ज्या शाळेत मूल खरे बोलण्यास भीत नाही, त्याच शाळेत ज्ञान मुलाच्या उपयोगी पडते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या शाळेत दुसरीतील एक मुलगा शाळा भरण्यापूर्वीच येऊन शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. त्याने बाही वर सारली आणि म्हणाला, "गुरुजी, मांजराने ओरबाडलंय. साबणाने धुतलंय, घड्याळ लावून." गुरुजींनी त्याचा हात पाहिला, त्याच्या पाठीवरून हात फिरविला आणि पालकांना बोलावणे धाडले.